पहिली फायबर तुटली ते कळलंच नाही: साखर कारखान्याच्या स्विचवर सूचना बसवताना

जानेवारीतल्या एका रात्री पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे दोन्ही वजनकाटे एकाच वेळी सर्व्हरपासून तुटले. काटे स्वतः ठीक होते. इंडिकेटरवर आकडा दिसत होता, पण तो सर्व्हरवर नोंदला जात नव्हता आणि त्यामुळे पावती निघत नव्हती. काट्यावरच्या लेखनिकाने ईडीपी (संगणक) विभागात फोन केला, "साहेब, काटा थांबलाय. मागं कमानीच्या भाईरपर्यंत गाड्या लागल्यात."

हाताने वजन लिहून गाडी सोडता आली नसती का, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. ऊसपट्ट्यात काटामारीच्या आरोपांवरून आंदोलनं झाली आहेत. हाताने लिहिलेल्या वजनावर शेतकरी विश्वास ठेवत नाही, आणि त्याने तो का ठेवावा? म्हणून या कारखान्यात नियम आहे की सर्व्हरवर नोंद झाल्याशिवाय गाडी काट्यावरून हलत नाही. नियम योग्य आहे. पण त्याचा अर्थ असा की काटाघरातला एक नेटवर्क स्विच गप्प झाला तर गव्हाणीत ऊस पडणं थांबतं, आणि तोडलेला ऊस ट्रॉलीत वाळत राहतो. त्याचं वजनही घटतं आणि साखरही.

त्या रात्री सेवा तात्पुरती सुरू झाल्यावर कारण शोधायचं आणि पुढची व्यवस्था लावायची, असं काम माझ्याकडे आलं. कारण शोधणं सोपं गेलं. व्यवस्थेला वेळ लागला, आणि सांगण्यासारखं बरंचसं तिथेच आहे.

दोनदा तुटलं, एकदाच कळलं

कारखान्यात पाच मॅनेज्ड स्विच फायबरच्या रिंगमध्ये जोडले आहेत. ईडीपीतल्या मुख्य स्विचपासून काटाघर, तिथून केनयार्डाचं (ऊसगाड्यांच्या तळाचं) टोकन कार्यालय, मग मिल हाऊस, मग स्टोअर आणि परत ईडीपी. रिंगमध्ये डेटा गोल फिरत राहू नये म्हणून रॅपिड स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली व्यवस्था चालू आहे. नेहमीच्या स्थितीत केनयार्ड ते मिल या जोडणीचं मिलकडचं टोक अडवलेलं असतं. कुठलीही एक फायबर तुटली की ते टोक आपोआप उघडतं आणि वाहतूक दुसऱ्या बाजूने जाते. हे सगळं उत्तम चाललं होतं.

त्या रात्री ईडीपी ते काटाघर ही फायबर गेली होती. काटाघरात टेबल सरकवताना पॅचकॉर्ड (फायबरची छोटी जोडतार) टेबलाच्या पायाखाली दबली होती. एवढ्याने काटा थांबायला नको होता, कारण दुसरी बाजू होती. पण स्टोअर ते मिल ही फायबर आधीच तुटलेली निघाली. बगॅस (उसाचं चिपाड) यार्डाजवळ नाल्यासाठी खोदकाम झालं तेव्हा ती गेली होती. रिंगने स्वतःला सावरलं, कोणाचंही काम अडलं नाही आणि त्यामुळे कोणाला कळलंही नाही. काटाघर, केनयार्ड आणि मिल हे तिन्ही स्विच तेव्हापासून एकाच फायबरवर उभे होते.

ती कधी तुटली हे मिलच्या स्विचच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, होतं, पण तिथे तारीख दिसत होती मार्च १९९३ ची. सिस्कोच्या अनेक जुन्या कॅटॅलिस्ट स्विचना घड्याळ लावून दिलं नाही तर ते सुरू झाल्याक्षणी १ मार्च १९९३ धरून मोजायला लागतात, आणि ही वेळ भरवशाची नाही हे सांगायला ओळीच्या सुरुवातीला तारांकन टाकतात. आपल्याला मात्र त्यातूनही हिशेब करता येतो. स्विचचं आत्ताचं खोटं घड्याळ आणि लिंक गेल्याची खोटी वेळ यांतला फरक खराच असतो. तो काढला तर उत्तर डिसेंबरमध्ये, खोदकामाच्या आठवड्यात जाऊन पडलं. स्टोअरच्या स्विचवर एवढंही उरलं नव्हतं. तिथल्या संगणकांचे पोर्ट रोज सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद होतात, प्रत्येक वेळी लॉगमध्ये ओळी पडतात, आणि ४०९६ बाइटच्या बफरमध्ये डिसेंबरची ओळ केव्हाच वाहून गेली होती.

स्विचने आपलं काम केलं होतं. त्याने नोंद ठेवली होती. ती नोंद त्याच्या पोटातून बाहेर काढून कोणाच्या तरी हातात द्यायची सोय तेवढी नव्हती.

आधी घड्याळ, मग लॉग

पहिल्यांदा पाचही स्विचना वेळ दिली. ईडीपीतला एक सर्व्हर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवला आणि स्विचना त्या सर्व्हरकडून वेळ घ्यायला लावली. वेळक्षेत्र साडेपाच तास पुढे टाकलं, नाहीतर पहाटे चारची घटना आदल्या रात्री साडेदहाची दिसते आणि चौकशीत भलत्याच पाळीच्या माणसांना बोलावलं जातं. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. निर्देश नसते तरी हे केलंच असतं.

मग सिसलॉग, म्हणजे स्विचने आपल्या नोंदी सर्व्हरकडे पाठवत राहणं. स्विचचे संदेश ० ते ७ अशा आठ पातळ्यांचे असतात, ० सगळ्यात गंभीर. केंद्रीय सर्व्हरकडे आम्ही ५ पर्यंतचं सगळं पाठवलं, कारण लिंक गेल्याची ओळ ३ वर येते आणि कोणी स्विचची मांडणी बदलली तर ती ओळ ५ वर येते. दोन्ही हव्यात. ६ आणि ७ सोडून दिले. हे संदेश कुठल्या पत्त्यावरून निघतील तेही बांधून टाकलं, म्हणजे रिंगची दिशा बदलली तरी सर्व्हरला तो स्विच त्याच नावाने ओळखू येतो.

सिसलॉग ही मागाहून वाचायची वही आहे. त्यातली प्रत्येक ओळ फोनवर पाठवायचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे.

कोणता पोर्ट महत्त्वाचा, हे स्विचला माहीत नसतं

स्विचवर लिंक गेल्याचा ट्रॅप, म्हणजे घटना घडताच स्विचने स्वतःहून पाठवायचा निरोप, सरसकट चालू करणं एका ओळीचं काम आहे. केलं असतं तर रोज संध्याकाळी शेती खात्यातले संगणक बंद होताना सूचनांचा पाऊस पडला असता, आणि माणसं तीन दिवसांत फोन गप्प करून टाकतात. म्हणून स्विचला हात लावण्याआधी काट्यावरचे लेखनिक, केनयार्डाचे पर्यवेक्षक आणि चीफ इंजिनिअर यांच्याबरोबर बसलो. प्रत्येकाला एकच विचारलं: ही तार गेली तर तुमचं काम किती वेळ तग धरेल?

उत्तरं वेगवेगळी आली. काट्याचा इंडिकेटर ज्या कन्व्हर्टरमधून नेटवर्कवर येतो तो पोर्ट गेला तर पाच मिनिटांत रांग वाढते. टोकन कार्यालय अर्धा तास कागदावर चालू शकतं. मिलचं नियंत्रण स्वतंत्र जाळ्यावर आहे, इथून फक्त अहवाल जातात, ते सकाळपर्यंत थांबले तरी चालतं. स्टोअरचं तसंच. आणि एक उत्तर मला स्वतःहून सुचलं नसतं. काट्यावरचा कॅमेरा गेला तर काटा चालतो, पण गाडीचा फोटो पावतीशी जोडला जात नाही, आणि मग वाद झाल्यावर दाखवायला काही उरत नाही. लेखनिक म्हणाले, "फोटो नसला की भांडण माझ्याच अंगावर येतं."

या उत्तरांवरून पोर्टची वर्गवारी झाली. रिंगचे सगळे पोर्ट, दोन्ही काट्यांचे कन्व्हर्टर, काट्याचे कॅमेरे आणि सर्व्हरचा पोर्ट यांवर ट्रॅप चालू. कॅमेऱ्यांना वीज स्विचमधूनच जाते, म्हणून तिथे वीज तुटल्याचीही सूचना घेतली. बाकी संगणकांच्या पोर्टवर ट्रॅप बंद, आणि ते पोर्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये टोकाचे म्हणून घोषित केले. ही दुसरी गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते. पोर्ट टोकाचा म्हणून सांगितला नसेल तर तिथला संगणक चालू होताच जाळ्याची रचना बदलल्याचा निरोप सगळीकडे जातो, आणि खरी रिंग तुटल्याचा निरोप त्या गर्दीत हरवतो. टोकाच्या पोर्टवर कोणी दुसरा स्विच आणून जोडला तर पोर्ट बंद पडेल आणि सूचना येईल, तेही लावलं.

प्रत्येक महत्त्वाच्या पोर्टला नावही दिलं. 'गिगाबिट २५ बंद' वाचून रात्रपाळीचा वायरमन काही करू शकत नाही. 'काटा २ इंडिकेटर बंद' वाचला की तो टॉर्च घेऊन निघतो.

एकदाच बोलणारा ट्रॅप

एसएनएमपी या देखरेखीच्या भाषेतला ट्रॅप यूडीपीवर, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने, सर्व्हरवरच्या १६२ क्रमांकाच्या आभासी पोर्टकडे जातो. पोहोचला की नाही हे स्विचला कळत नाही, आणि तो पुन्हा पाठवत नाही. मिल साफसफाईसाठी बंद होती त्या दिवशी आम्ही स्टोअर ते मिल ही जोडणी मुद्दाम काढून पाहिली. स्टोअरच्या स्विचचा ट्रॅप आला, मिलच्या स्विचचा आला नाही. त्याचं कारण रिंगच्या रचनेतच आहे. स्टोअरचा ईडीपीकडचा रस्ता शाबूत असतो. मिलचा मात्र तोच रस्ता तुटलेला असतो, आणि दुसरा उघडण्याच्या त्या क्षणीच ट्रॅप निघून वाटेत हरवतो. स्विच नव्याने सुरू झाल्याचा ट्रॅपही असाच हरवू शकतो, कारण स्विच जागा होतो तेव्हा त्याची वरची जोडणी अजून मोकळी झालेली नसते.

म्हणून निवडक घटनांसाठी ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरले. इन्फॉर्म मिळाल्याची पोच सर्व्हर देतो, आणि पोच येईपर्यंत स्विच ठरावीक वेळा पुन्हा पाठवतो. तोवर तो निरोप स्विचच्या स्मृतीत जागा अडवतो, म्हणून सरसकट सगळ्यासाठी इन्फॉर्म लावणं बरं नाही. पाठवण्यासाठी एसएनएमपीची तिसरी आवृत्ती घेतली, ओळख तपासणी आणि कूटबद्धता दोन्ही चालू ठेवून, आणि 'पब्लिक' हा सगळ्यांना पाठ असलेला परवलीचा शब्द काढून टाकला. इथे एक खाच आहे, तिच्यात बरेच जण अडकतात. तिसऱ्या आवृत्तीत ट्रॅपसाठी स्विचचा स्वतःचा इंजिन आयडी (त्या यंत्राची एसएनएमपीतली ओळख) प्रमाण मानला जातो, पण इन्फॉर्मसाठी घेणाऱ्या सर्व्हरचा. तो सर्व्हरचा आयडी स्विचवर नोंदवावा लागतो. पुढे कधी सर्व्हर नव्याने उभारला आणि त्याचा आयडी बदलला, तर इन्फॉर्म स्वीकारले जात नाहीत आणि वरून सगळं शांत दिसतं. म्हणून सर्व्हरवर तो आयडी कायमचा ठरवून टाकला.

तरीही ट्रॅप काय किंवा इन्फॉर्म काय, घडलेली गोष्ट घडली त्या वेळी सांगतात. त्या मिनिटाला सर्व्हर बंद असेल, किंवा संदेश आला आणि कोणी वाचून विसरला, तर डिसेंबरपासून जानेवारीपर्यंतची शांतता पुन्हा होऊ शकते. या कारखान्याला हवं होतं ते वेगळं: रिंग आत्ता पूर्ण आहे का, याचं उत्तर दर मिनिटाला.

अडवलेला पोर्ट हाच साक्षीदार

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हा आहे, आणि त्याला नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. रिंग धडधाकट असते तेव्हा तिच्यात एक टोक अडवलेलं असतं. रिंग कुठेही तुटली की ते उघडतं. म्हणजे पाच जोडण्यांवर नजर ठेवण्याऐवजी त्या एका टोकाची स्थिती विचारत राहिलं तरी पुरतं. स्पॅनिंग ट्रीच्या मानक माहितीत प्रत्येक पोर्टची स्थिती एका आकड्यात मिळते. २ म्हणजे अडवलेला, ५ म्हणजे वाहतूक सोडणारा, १ म्हणजे बंद.

आधी ते टोक नेहमी एकाच ठिकाणी राहील याची खात्री केली. ईडीपीच्या स्विचचं प्राधान्य ४०९६ केलं, म्हणजे रिंगमधले रस्ते ज्याच्यापासून मोजले जातात तो मूळ स्विच तोच राहील. केनयार्डाला २८६७२ दिलं आणि मिलला मूळचं ३२७६८ ठेवलं. लहान आकड्याला पसंती असते, म्हणून त्या दोघांमधल्या जोडणीचं मिलकडचं टोकच अडवलं जातं. मग सर्व्हरवरच्या झॅबिक्स या देखरेखीच्या प्रणालीला सांगितलं की दर अर्ध्या मिनिटाला हा आकडा वाच, आणि सलग दोनदा २ सोडून दुसरं काहीही आलं तर रिंग तुटली असं समज. ५ आला तर दुसरी कुठलीतरी जोडणी गेलेली असते. १ आला तर हीच जोडणी गेलेली असते. उत्तरच आलं नाही तर मिलचा स्विच गप्प आहे, त्याची सूचना वेगळी.

ही सूचना रिंग जोडली जाईपर्यंत उघडी राहते. ट्रॅप हरवला तरी ती येते, सर्व्हर मधे बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी येते, आणि कोणी वाचून बाजूला ठेवली तरी सकाळी पडद्यावर ती तशीच लाल दिसते. डिसेंबरमध्ये हे एवढं असतं तर जानेवारीतली रात्र आली नसती.

मेलेला स्विच काही सांगू शकत नाही, म्हणून पाचही स्विचना दर मिनिटाला हाक मारली जाते. काटाघराच्या यूपीएसची बॅटरी कमजोर झाली की स्विच क्षणभर बंद पडून पुन्हा उठतो आणि हाकेला चुकतच नाही. त्यासाठी स्विच किती वेळ चालू आहे तो आकडाही वाचतो. तो अचानक लहान झाला तर स्विच मधे बंद पडला होता. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, तेवढं लक्षात ठेवावं.

फायबरवर किती प्रकाश पोहोचतो तेही आता नोंदलं जातं. स्विचमध्ये फायबर जिथे लागते त्या आमच्या एलएक्स जातीच्या मॉड्यूलला किमान उणे १९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश लागतो. काटाघरातली पॅचकॉर्ड मोकळी करून टोकं पुसल्यावर वाचन उणे ७ च्या आसपास आलं. उणे १५ च्या खाली गेलं की इशारा, आणि उणे १३ च्या वर आल्याशिवाय इशारा मागे घ्यायचा नाही. दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत तर सीमेवरच्या वाचनाला दर मिनिटाला इशारा लागतो आणि जातो. ३ डीबी म्हणजे निम्मा प्रकाश, तेव्हा उणे ७ पासून उणे १५ पर्यंत येईतो प्रकाश एक षष्ठांशाहूनही कमी उरलेला असतो. बगॅसची धूळ बसायला लागली की ती आठवडाभर आधी आलेखावर दिसते.

सूचना कुठून आणि कोणाकडे

कारखान्याचं इंटरनेट गेलं तर ईमेल जात नाही, आणि इंटरनेट जाण्याची रात्र व फायबर तुटण्याची रात्र एकच असू शकते. म्हणून सर्व्हरला जीएसएम मोडेम जोडून एका छोट्या स्क्रिप्टने एसएमएस पाठवायची सोय केली. सर्व्हर आणि मोडेम वेगळ्या यूपीएसवर आहेत. संदेश मराठीत हवे होते, कारण वायरमन ते वाचणार होते. देवनागरी एसएमएसच्या एका तुकड्यात ७० चिन्हं मावतात आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मजकूर तासून घेतला: 'रिंग तुटली. काटा चालू आहे. आजच जोडणे.' आणि 'काटाघर स्विच बंद. लगेच जा.' पहिल्या संदेशातलं 'काटा चालू आहे' हे मी आग्रहाने ठेवलं. ते नसतं तर वायरमन काट्यावर जाऊन सगळं ठीक बघून परत आला असता.

एसएमएस फक्त चार गोष्टींसाठी जातो: रिंग तुटणं, कुठलाही स्विच गप्प होणं, काट्याचा पोर्ट जाणं आणि काट्याचा कॅमेरा जाणं. प्रकाश कमी होणं, स्विच मधे सुरू-बंद होणं, कोणी मांडणी बदलणं हे ईडीपीच्या सकाळच्या यादीत. एसएमएस आधी पाळीच्या वायरमनला. दहा मिनिटांत त्याने पोच दिली नाही तर ईडीपी प्रमुखांना, त्यानंतर चीफ इंजिनिअरना. तीन स्विच एकदम गप्प झाले तर तीन निरोप न जाता एकच जावा, हेही पाहावं लागलं. सरळ झाडासारखी रचना असती तर खालच्या स्विचची सूचना वरच्यावर अवलंबून ठेवता आली असती. रिंगमध्ये वरचा कोण हे बदलत राहतं, म्हणून एकाहून जास्त स्विच एकाच वेळी गेले तर त्यांची नावं एकत्र लिहून एकच संदेश जाईल असं केलं.

सर्व्हर स्वतः बंद पडला तर? मोडेमवरून रोज सकाळी सहाला ईडीपी प्रमुखांना 'सर्व ठीक' असा एक एसएमएस येतो. तो आला नाही तर ते सर्व्हरकडे बघतात. सहाची वेळ मुद्दाम घेतली, त्या वेळी ते जागे असतात.

हंगाम संपायच्या आत स्टोअरच्या बाजूचा एक जोड घुशींनी कुरतडला. दुपारी रिंग तुटल्याचा संदेश वायरमनच्या फोनवर आला, संध्याकाळी जोड घालून झाला, आणि काट्यावर त्याबद्दल कोणाला कळलंही नाही. या वेळी ते न कळणं योग्य होतं.

हंगामाबाहेर पॅनल बंद असतात, फायबर काढून ठेवलेल्या असतात, तेव्हा सूचना देखभालीच्या काळात टाकाव्या, म्हणजे तात्पुरत्या गप्प कराव्या लागतात. त्या परत चालू करायच्या राहिल्या तर सगळं फुकट. म्हणून बॉयलर अग्निप्रदीपनाआधी पूर्ण करायच्या कामांच्या यादीत ईडीपीने एक ओळ घातली आहे: पाचही फायबर एकेक करून काढायच्या, प्रत्येक वेळी पाळीच्या वायरमनच्या फोनवर संदेश किती वेळात आला ते वहीत लिहायचं, आणि त्याने तिथेच सही करायची.